करडं घर

"एजे, करडं घर हवंय," जानिश फाटकातूनच म्हणाला.

गाव जिला एजे, म्हणजे मोठी बहीण, म्हणे ती नसिपा कोठाराच्या दारात बसून पांढऱ्या पट्ट्याला गोंडे शिवत होती. नवरोज तोंडावर आला होता, चौकात तिची पांढरी तंबूसारखी घरं उभी राहायची होती, आणि मागच्या लग्नात कुणाच्या तरी पोरांनी निम्मे गोंडे तोडून नेले होते. त्या पोरांच्या आईबापांचा उद्धार करतच तिची सुई चालली होती. ती थांबली. सुई पट्ट्यात तशीच टोचून तिने कमरेची किल्ली सोडली.

"ने ना," ती म्हणाली. "कापड कोणतं देऊ?"

जानिशच्या मागे आणखी दोघे उभे होते. तिघांच्याही बुटांवर खिंडीतला बर्फ अजून तसाच होता. जानिश पाय झटकू लागला. बर्फ पडून गेला तरी तो झटकतच राहिला.

"लाल," तो म्हणाला.

म्हातारं माणूस गेलं तर पांढरं, संसारातलं पोक्त माणूस गेलं तर काळं, आणि तरणंताठं गेलं तर लाल. करड्या घराबाहेर काठीला ते कापड बांधलं की लांबून येणाऱ्याला कुणाला काही विचारावं लागत नाही. शहरातली माणसं आता हे पाळत नाहीत. सारीबेल खिंडीखालच्या या गावात म्हातारे अजून हट्टाने पाळतात, म्हणून नसिपाच्या पेटीत तिन्ही कापडं धुऊन, घडी घालून तयार असत. पांढऱ्याची घडी वरचेवर मोडे. लाल कापड पेटीच्या तळाशी असे.

नसिपाचा धंदा सामान भाड्याने देण्याचा. लाकडी जाळ्यांवर लोकरीचे जाड नमदे चढवून उभी करायची गोल घरं, मोठमोठ्या कढया, चहाचे समोवर, ढिगाने ताटं आणि वाडगे. लग्नाला, बारशाला, नवरोजला ती पांढरी घरं देई आणि पैसे कसून घेई. एक चमचा कमी भरला तरी नवरदेवाच्या बापाला भर पंगतीतून उठवी. "लग्नात सोलते आणि मयताला वाटते," असं गाव तिच्याबद्दल बोले, आणि ते खरंच होतं. मयताचं करडं घर ती कुणालाही फुकट देई. नुसतं घर नाही. कढई, चहाची भांडी, ट्रक, ट्रकमधलं डिझेल, सगळं. ते उभारायला खिंडीचे स्वयंसेवक येत. हिवाळ्यात घाटात बर्फाचा कडा सुटून गाड्या गाडल्या गेल्या की उकरायला जाणारे ते हेच. त्यांचे दोर, फावडी, स्ट्रेचर तिच्याच कोठारात राहत, आणि ते वर गेले की त्यांच्यामागोमाग तिच्या कढईतला गरम शोरबा जाई. एकदा कचेरीतला कुणी साहेब म्हणाला होता की करड्या घरावर दुकानाचं नाव रंगवून घ्या, तेवढीच जाहिरात होईल. नसिपाने त्याला पुढचं वाक्य बोलू दिलं नव्हतं.

हे सगळं सुरू केलं सादिरने, तिच्या नवऱ्याने. त्याचा नियम एकच होता. घर मागायला आलेल्याला, कुणाचं, असं विचारायचं नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला ते सांगायचं काम पांढऱ्या दाढीच्या माणसांचं. ते जवळ येऊन बसतात, आडून बोलतात, माणसाला धरून ठेवतात आणि मग सांगतात. तोवर सगळ्या आळीला ठाऊक असलं तरी कुणी तोंड उघडत नाही. "तोंड मिटता येतं गं," सादिर म्हणायचा, "चेहरा कसा मिटशील? आणि गाव बघणार तुझ्याच चेहऱ्याकडे." तेव्हापासून ती विचारत नसे. सादिर गेला तेव्हाही करडं घर वरच्या वाडीत, त्याच्या वडिलांच्या अंगणात उभं राहिलं होतं. तिच्या स्वतःच्या अंगणात ते कधीच उभं केलेलं नव्हतं. नमदे वाळवायचे तरी ती नदीकाठी नेऊन पसरे. उगाच कशाला ते घर इथे उलगडायचं, म्हणून.

काल दुपारी खिंडीत कोळशाचा ट्रक गाडला गेला म्हणून स्वयंसेवक वर गेले होते. त्यांत जानिश होता, हे दोघे होते, आणखी दोन पोक्त माणसं होती. आणि दोन पोरं होती. एक, दुकानात कामाला असलेल्या बुरुलचा मिरलान, आणि दुसरा नसिपाचा स्वतःचा मुलगा, अकजोल.

ट्रकचा ड्रायव्हर तरुण होता म्हणत होते. तो असेल. परका बिचारा, कुणाच्या ओळखीपाळखीचा नाही, आपल्याच गावाने उचलायचा म्हणून हे घर न्यायला आले असतील. नसिपाने हा विचार घट्ट धरला.

"ड्रायव्हर वाचला," मागच्या दोघांतला एक जण, कुणी विचारलेलं नसताना, जमिनीकडे बघत म्हणाला. "इस्पितळात नेला. पाय मोडलाय, बाकी ठीक आहे."

जानिशने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्पच झाला.

"देवाची कृपा," नसिपा म्हणाली.  म्हणजे दोन पोरांपैकी एक.

एवढ्यात बुरुल आली. या तिघांना फाटक तिनेच उघडलं होतं. ते पुन्हा लोटून, कडी अडकवून ती सावकाश अंगण ओलांडत आली. बुरुल दुकानात कामाला लागली तेव्हा मिरलान पाळण्यात होता. नवरा मॉस्कोला बांधकामावर गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. "मेला असता तर निदान करडं घर तरी फुकट मिळालं असतं," असं ती स्वतःच म्हणे आणि खदखदून हसे. जीभ कात्रीसारखी, हात त्याहून चलाख. दोघींची पोरं याच कोठारात कढयांमध्ये लपाछपी खेळून मोठी झाली. आज सकाळीच बुरुलने पिठाचे बोरसोक तळले होते आणि वर म्हणाली होती की तुझा अकजोल आला की माझ्या पोराला पोटभर मिळत नाही, अधाशी आहे नुसता.

नसिपाने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा रोजचाच होता. थोडा ओढलेला, पण थंडी होती.

म्हणजे हिला ठाऊक नाही, नसिपाला वाटलं. आपल्याला लाल कापड ठाऊक आहे आणि हिला काहीच ठाऊक नाही.

"काय गं एजे, अशी खांबासारखी का उभी?" बुरुल म्हणाली. "बस जरा. सामान मी काढून देते यांना."

"तू बस. तुझी कंबर धरलीय ना."

"माझी कंबर रोजच धरते. आज बरी दिसली तुला."

"जीभ आवर आणि समोवर पेटव," नसिपा म्हणाली. "माणसं वरून आलीत. गारठलीत."

 बुरुल समोवरकडे गेली.

कोठारात अंधार होता आणि नमद्यांचा, लोकरीचा वास होता. करडं घर मागच्या भिंतीला गुंडाळून ठेवलेलं असे, जाळ्या वेगळ्या, काठ्या वेगळ्या, छताचं लाकडी कडं वेगळं. नसिपा एकेक दाखवत गेली आणि माणसं उचलत गेली. स्वयंसेवकांच्या खुंट्या रिकाम्या होत्या. खुंट्यांखाली दोन जोडे पडले होते. पोरांनी वर जाताना बर्फातले बूट चढवले आणि आपापले जोडे इथेच टाकले, नेहमीसारखे वेडेवाकडे. अकजोलचा डावा मिरलानच्या उजव्यावर चढला होता. जाळी खांद्यावर घेऊन निघालेल्या जानिशने त्या जोड्यांना वळसा घातला. सरळ वाट असून वळसा घातला.

"जानिश," नसिपा म्हणाली.

तो थांबला. पाठमोराच.

"जानिश, हे—"

"एजे, तुम्ही कधी विचारत नाही."

"नाही विचारत."

"मग आजही नका विचारू," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. शाळेत पोरांना कवायत शिकवणारा माणूस, मैदानभर ऐकू जाणारा गळा त्याचा. "मला नाही सांगता यायचं."

तिने नमद्याच्या गुंडाळीवर हात ठेवला.  मिरलान असू दे. हे तिच्या मनात आलं ते असं उघडंनागडं, शब्दांतच आलं. देवा, मिरलान असू दे, माझा नको. आणि लगेच त्या पोराचं बोळकं तोंड डोळ्यांपुढे आलं, कढईच्या काठाला लागलेली साय बोटाने खरवडून खाणारं. त्याला पहिले जोडे तिनेच घेतले होते. तिला स्वतःची किळस आली. किळस आली, पण मागणं काही मागे घेता येईना. पुन्हा पुन्हा तेच येत राहिलं.

मग तिला एक युक्ती सुचली. धंद्याची गोष्ट विचारायला सादिरची ना नव्हती.

"ट्रकला साखळ्या लावायच्या का?" तिने विचारलं. "वरच्या वाडीचा चढ निसरडा झालाय. लावायच्या असतील तर आत्ताच काढून देते."

जानिशने जाळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. 

"साखळ्या नकोत," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

साखळ्या नकोत. म्हणजे चढ नाही, सादिरच्या वडिलांचं अंगण नाही. बुरुलचं घर खाली, नदीकडे, जुन्या गिरणीशेजारी. तिथवर रस्ता सपाट, कोरडा. नसिपाला एकदम रडू आलं, सुटकेचं. तिने डोक्याचा रुमाल तोंडात कोंबला. अकजोल वर कुठेतरी दोर गुंडाळत असेल, शिव्या देत असेल, भूक लागली म्हणत असेल. जगला. आणि बुरुलचं काय आता? हिच्यापाशी दुसरं आहे कोण?

बाहेर येऊन तिने जानिशला गाठलं.

"बुरुलला मी सांभाळते," ती हळूच म्हणाली. "तिला इथून हलू देत नाही. तुम्ही मुकाई-अतांना घेऊन या."

जानिशने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. 

"माणूस गेलाय आणायला," तो म्हणाला.

मुकाई-अता गावातले सर्वांत वडील. निम्म्या गावाच्या वाईट बातम्या त्यांच्याच तोंडून आलेल्या. ते येईपर्यंत वेळ काढायचा होता. नसिपा घरात गेली, आपला मेंढीच्या कातड्याचा बंडा काढून आणला आणि समोवरपाशी उकिडव्या बसलेल्या बुरुलच्या खांद्यांवर घातला.

"हे कशाला?" बुरुल म्हणाली.

"गार आहे."

"तुला काय उकडतंय?"

"घाल म्हटलं ना. तुझ्याकडे धड कोटसुद्धा नाही. तुलाच ठेव हा. मला घट्ट होतो."

बुरुलने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग बंड्याच्या बाह्यांत हात घातले. एरवी एवढ्यावर तिने दहा टोमणे मारले असते. नसिपाने वाडगा घेतला, चहा ओतला आणि त्यात साखर घातली. एक चमचा, आणखी एक, आणखी एक. करड्या घरात दाराकडे पाठ करून मोठ्याने शोक गाणाऱ्या बायकांना रात्री ती असाच चहा देई, कारण त्यांना दुसरं काही जात नसे. हात त्या सवयीनेच चालला. बुरुल त्या चमच्याकडे बघत होती.

"पी," नसिपा म्हणाली. "गरम आहे तोवर पी."

बुरुलने वाडगा तोंडाला लावला आणि सगळा चहा संपवला.

"तुझा फोन दे इकडं," मग ती म्हणाली. "सकाळपासून चार्जिंगला लावला नाहीस. मग ऐन वेळी बंद पडतो आणि माझ्या नावाने ओरडतेस."

नसिपाने फोन काढून दिला. खरं तर तिलाच बुरुलचा फोन काढून घ्यायचा होता. तो आता बुरुलच्या खिशात, नसिपाच्या फोनशेजारी. तेवढ्यात त्या खिशात एक फोन वाजला. नसिपा दचकली. कुणीतरी मूर्ख, कुणीतरी लांबची नातेवाईक, सांत्वनाचा फोन करायची आणि सगळं उघडं पडायचं. बुरुलने खिशात हात घालून, न बघताच तो बंद केला.

"कोण होतं?"

"भावजय. उसने पैसे हवे असतील तिला. मरू दे." आणि मग तिने जमिनीवरून दोराचं भेंडोळं उचललं. "हे धर. गाठी सोडवून दे मला. काल या पोरांनी काय गुंता करून ठेवलाय बघ."

"आत्ता? दोर?"

"मग कधी? धर म्हटलं ना."

दोघी समोरासमोर बसल्या आणि दोर सोडवू लागल्या. खरं म्हणजे गुंता फारसा नव्हता. नसिपाला वाटत होतं, बरं झालं, हिचे हात गुंतले. मधूनमधून ती बुरुलच्या बोटांकडे बघे. बोटं सुटलेलीच गाठ पुन्हा पुन्हा सोडवत होती. आईच्या जिवाला आतून कळतं, बाहेरून कुणी सांगावं लागत नाही, असं नसिपाच्या मनात आलं, आणि ती आणखी जवळ सरकून बसली. वाडगे गोळा करायला उठलेल्या बुरुलच्या हातून एक वाडगा पडून फुटला तेव्हा तर तिची खात्रीच झाली. दुसऱ्या कुणी फोडला असता तर दाम वसूल झाला असता. नसिपाने खापऱ्या स्वतः गोळा केल्या.

ट्रक भरून झाला. वर ताडपत्री ओढली, तिच्यावर दोन रिकाम्या कढया उपड्या घातल्या. नेहमीची रीत ती. ताडपत्रीखाली काय आहे ते रस्त्यावरच्या बायकांना दिसू नये; दिसलं तर जी ती घरात धावत जाऊन आपली माणसं मोजते. पण माणसं ट्रकमध्ये चढली नाहीत. तिघेही भिंतीशी उभे राहिले. कुणी सिगारेट पेटवली नाही. इंजीन गार आहे, तापायला वेळ लागेल, म्हणून अजून सुरू केलं नसेल. पण तापवायला तरी सुरू करायला हवं ना, असं नसिपाच्या मनात येऊन गेलं आणि तिने ते बाजूला सारलं.

फाटकाबाहेर पावलं वाजू लागली. एकदोन जणांची नाही. बर्फावरून पुष्कळ पावलं हळूहळू येऊन थांबत होती. बायका खाकरत होत्या. कुणीतरी लहान मुलाला गप्प केलं.

नसिपाने बुरुलचा हात धरला.

"बुरुल," ती म्हणाली, "तू एकटी नाहीस हं. हे दुकान आहे. मी आहे. मी आहे तोवर तुला काही—"

"ठाऊक आहे मला," बुरुल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तूही नाहीस एकटी, एजे."

फाटक उघडलं. मुकाई-अता आत आले, पांढऱ्या उंच टोपीत, काठी टेकत, आणि त्यांच्यामागे आणखी दोन म्हातारे. नसिपा उठली आणि बुरुलच्या मागे जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने तिचे खांदे धरले. अशा वेळी बाई मागे कोसळते, डोकं आपटतं. तिने किती वेळा पाहिलं होतं. पण बुरुल बसून राहिली नाही. ती उठली, वळली, आणि तिनेच नसिपाची दोन्ही मनगटं पकडली. पकड घट्ट होती.

मुकाई-अता बाकावर बसले. त्यांनी टोपी काढली नाही. थोडा वेळ काठीच्या मुठीवर हात चोळत राहिले.

"नसिपा," ते म्हणाले.

घरची मालकीण म्हणून आधी आपलं नाव घेतलं, असं तिला वाटलं.

"जी, अता."

"बाळ, या गावातलं एक अंगण असं नाही, जिथं तुझं घर उभं राहिलं नाही. आम्ही मागितलं आणि तू दिलंस. कुणाचं म्हणून विचारलं नाहीस. थोर, गरीब, दारुडा, चोर, कुणाला नाही म्हटलं नाहीस."

"सादिरने घालून दिलेली रीत, अता. मी नुसती—"

"आजही घर मागायलाच आलोय," मुकाई-अता म्हणाले. "पण आज ते फाटकाबाहेर न्यायचं नाही, बाळ. आज ते इथंच उभं करायचंय."

नसिपा त्यांच्याकडे बघत राहिली. मग ट्रककडे. ताडपत्रीवरच्या उपड्या कढयांकडे. साखळ्या नकोत, जानिश म्हणाला होता. तिने बुरुलकडे बघितलं. बुरुलने बातमी फाटकाशीच ऐकली होती. जानिशला फाटक उघडलं तेव्हाच.

नसिपाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने आजवर दुसऱ्यांच्या अंगणात ऐकला होता. फाटकाबाहेरच्या बायका आत आल्या. बुरुलने तिला खाली बसू दिलं, पण मनगटं सोडली नाहीत.

कुणीतरी सांगितलं, तिने अर्धवट ऐकलं. ड्रायव्हरला वर काढल्यावर दुसऱ्यांदा कडा सुटला. अकजोल त्याला स्ट्रेचरवर बांधत होता. त्याने स्ट्रेचर पुढे ढकललं. तेवढाच वेळ मिळाला. अकजोलला घेऊन मागची गाडी आता चढ उतरते आहे.

पुरुषांनी ताडपत्री ओढली आणि भरलेलं सगळं सामान पुन्हा उतरवायला घेतलं. जाळ्या उलगडल्या. अंगणाच्या मधोमध गोल आखला. जानिशने खुंटी जमिनीवर टेकवून हातोडा उचलला.

"तिथं नको," नसिपा म्हणाली.

सगळे थांबले. तिचा आवाज बसला होता, पण स्पष्ट होता.

"तिथून नळ गेलाय खालून. फोडाल. दोन हात भिंतीकडं घ्या." तिने डोळे पुसले. "आणि दार उगवतीला. तिसरा नमदा उलटा धरलाय तुम्ही, फिरवा तो."

त्यांनी नमदा फिरवला. जानिश रडत होता आणि ठोकत होता. काठीला लाल कापड बांधताना त्याला गाठ जमेना, तेव्हा मुकाई-अतांनी स्वतः उठून बांधली.

घर उभं राहत होतं तोवर मिरलान आला. फाटकातच थांबला. गाल थंडीने काळवंडले होते, हातमोजा एकच होता. आईकडे न जाता तो तिथेच उभा राहिला, नसिपाकडे न बघण्यासाठी मान खाली घालून. जिवंत आहे हाच आपला गुन्हा, असं त्या पोराच्या उभं राहण्यात होतं. हाच तासाभरापूर्वी तिने देवाला देऊन टाकला होता. नसिपा उठली. बायकांनी वाट दिली. तिने त्याचं गारठलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"खाल्लंस का काही?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. 

"कोठारात तुझे जोडे आहेत. ते ओले बूट काढ आधी." जरा थांबून ती म्हणाली, "फक्त तुझेच घाल. दुसरे राहू देत तिथं."

मग ती बुरुलकडे वळली. बुरुल अजून तो कातड्याचा बंडा घालूनच उभी होती.

"मी तुझा समजले होते," नसिपा म्हणाली. "मी मनात—"

"चहा फार गोड होता, एजे," बुरुल म्हणाली. "तेव्हाच कळलं मला."

"तरी प्यायलीस."

"प्यायले." तिने बंडा काढला आणि नसिपाच्या अंगावर घातला, पोराला घालावा तसे एकेक हात बाह्यांत सरकवले. "तुझ्या जागी मी असते तर मीही तेवढीच साखर घातली असती. चल आता. गाडी येतेय."

आत नमद्यांचा गारवा होता. बुरुलने तिला उजव्या बाजूला बसवलं, तोंड जाळीकडे, पाठ दाराकडे, आणि शेजारी टेकली. मागे जागा मोकळी ठेवली होती, अकजोलसाठी. बाहेर पुरुष ओळीने उभे राहिले होते, काठ्यांवर रेलून.

नसिपाच्या डोळ्यांसमोर, अगदी हाताच्या अंतरावर, एक ठिगळ होतं. तिचंच होतं ते. हे घर ती वर्षानुवर्षं शिवत आली होती, पण नदीकाठी उन्हात पसरून, बाहेरच्या बाजूने. आत येऊन, इथे बसून, ती ते कधी बघत नसे. बाहेरून ठिगळ नीटनेटकं दिसे. आतून टाके वाकडेतिकडे होते, एके ठिकाणी तर दोन बोटं फट राहिली होती आणि तिच्यातून बाहेरचा उजेड आत येत होता. इतक्या बायका या जागी बसून गेल्या, भिंतीकडे तोंड करून. सगळ्यांनी हे पाहिलं असेल. कुणी कधी तिला बोललं नव्हतं.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. बाहेर पुरुषांनी रडायला सुरुवात केली. नसिपाने त्या फटीवर तळहात ठेवला आणि तोंड उघडलं.